पंचमीचं पाणी

नदीच्या पाण्याला तोंड असतं आणि ते तोंड माणसाच्या चालीनं चालतं, हे मला पंचविसाव्या वर्षी कळलं. तोवर मी पंचवटीतला. घरापासून गोदावरी दोनशे पावलांवर. आमच्याकडे नदी म्हणजे घाटाच्या पायऱ्या, ओले पंचे आणि पूर आला की पाणी कुठल्या देवळाच्या कितव्या पायरीला टेकलं याच्या पैजा. ती वरून येते कुठून, वाटेत तिला कोण अडवतं, कोण सोडतं, याची चौकशी आम्ही सात पिढ्यांत केली नसेल. नमस्कार केला की आमचं काम संपलं.

डिप्लोमा करून मी सरकारी खात्यात ओव्हरसीअर म्हणून लागलो आणि माझी नेमणूक सटाण्याच्या बाजूला झाली. बहात्तरचा दुष्काळ सरून दोन पावसाळे झाले होते. डोंगरातून येणारी एक लहानशी नदी, तिच्यावर दगडाचे दोन जुने बंधारे, एक वरच्या गावाचा आणि एक तीन कोस खाली, खालच्या गावाचा. त्या दोन बंधाऱ्यांची दुरुस्ती माझ्याकडे होती. अंगात नवं रक्त, खिशात नवा पेन. मला वाटायचं, या लोकांना पाणी म्हणजे काय ते आता मी शिकवणार.

प्रत्यक्षात ते लोक कित्येक पिढ्या पाणी वाटून घेत होते. गावाची बागायत फडांत वाटलेली असायची. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं, म्हणजे पाणी एका वेळी एका फडाला फिरवता येतं. पाणी कुणी स्वतः घ्यायचं नाही. गावानं नेमलेला पाटकरी खांद्यावर फावडं टाकून फिरायचा आणि ज्याच्या त्याच्या वाफ्यात पाणी सोडायचा. त्यानं बारं, म्हणजे वाफ्याचं तोंड, मोडलं म्हणजे मोडलं, बांधलं म्हणजे बांधलं. पाटलाच्या वाफ्यालाही तोच न्याय.

दोन गावांमधला करार त्याहून जुना होता. महाशिवरात्रीपासून पाळ्या सुरू व्हायच्या. आठ दिवस पाणी वरच्या गावाचं, मग पाच दिवस खालच्या गावाचं, मग पुन्हा आठ. वरच्या बंधाऱ्यात मधोमध एक खिंडार ठेवलेलं होतं, दगड, चिखल आणि निरगुडीच्या फांद्यांनी बुजवलेलं. खालच्या गावाची पाळी आली की त्यांचा पाटकरी दिवस उगवायला वर येऊन हजर व्हायचा आणि ते खिंडार स्वतःच्या हातानं उघडायचा. वरच्या गावातल्या कुणी त्याला मदत करायची नाही आणि कुणी अडवायचंही नाही. त्याच्या हातावर भाकरी ठेवायची एवढंच त्यांचं काम. पाच दिवसांनी ते खिंडार वरच्या पाटकऱ्यानं बुजवायचं, तेव्हा खालच्यांनी तिथं यायचं नाही. ना कागद, ना पहारा. मी हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला हसू आलं होतं, हे कबूल करतो.

खालच्या गावचा पाटकरी साठीच्या पुढचा होता. उंच, किंचित वाकलेला, बोलणं तोलून मापून. माझ्याशी बोलताना आपली अहिराणी जरा आवरून घ्यायचा, पण ती डोकावायचीच. त्याच्या दिवसांच्या मोजणीवर दोन्ही गावं चालायची. वरच्या गावचा पाटकरीसुद्धा म्हणायचा, पंचांग चुकेल, खालचा म्हातारा चुकणार नाही.

पहिल्या वर्षी त्यानं खिंडार उघडलं तेव्हा मी हौसेनं त्याच्याबरोबर निघालो. पाणी सुटल्यावर तो बंधाऱ्यावर थांबला नाही. कोरड्या पात्रात उतरला आणि पाण्याच्या पुढं चालू लागला. मागून पाण्याचं तोंड येत होतं, पाचोळा, काटक्या आणि मातकट फेस पुढं ढकलत, अगदी सावकाश. वाटेत खड्डा आला की ते थांबायचं, खड्डा भरायचं, मग पुन्हा निघायचं. म्हातारा पुढं जाऊन अडलेल्या काटक्या बाजूला करायचा, वाळूत फावड्यानं रेघ ओढून द्यायचा आणि पाणी त्या रेघेतून यायचं. मी दोनदा घड्याळ पाहिलं.

"पाणीले घाई नही करानी साहेब," तो म्हणाला. "ते पहिले वाळूले पाजस, मंग आपले."

तीन कोसांना दिवस गेला. खालच्या गावाशी पोचलो तेव्हा काठावर बायामाणसं उभी होती. कुणी ओरडलं नाही, की नाचलं नाही. पाणी बंधाऱ्याला टेकलं, म्हाताऱ्यानं त्यात हात बुडवून डोळ्यांना लावला आणि सगळे आपापल्या घरी गेले. त्या दिवशी माझे पाय सुजले होते आणि मी फार सुखात होतो. आयुष्यात पाण्याबरोबर चाललेला तो एकच दिवस.

पण सुख पचायला अक्कल लागते. मी त्या पावसाळ्यानंतर वरचा बंधारा सिमेंटनं पक्का केला, ते खिंडार काढून टाकलं आणि तिथं लोखंडी दार बसवलं. चाकाचं, झकास हिरव्या रंगाचं. दाराला कुलूप. पाणीचोरी होऊ नये म्हणून किल्ली माझ्याकडे. चोरी कोण करत होतं? कुणीच नाही. पण खात्यात कुलूप नसलेल्या दाराला दार म्हणत नाहीत.

दोन्ही गावांना बोलावून मी नवी पद्धत समजावून सांगितली. पाळ्या त्याच राहतील, फक्त दार मी उघडीन आणि रजिस्टरमध्ये तारीख लिहीन. सगळ्यांनी माना डोलावल्या. म्हाताऱ्यानं तेवढं विचारलं, "किल्ली एकच?"

"एकच."

"दोन करा ना साहेब. एक वर, एक खाले."

मी म्हणालो, नियमात बसत नाही. असा काही नियम नव्हता. मला ती किल्ली आवडायची, खरं कारण हे. कमरेच्या जुडग्यात ती सगळ्यात मोठी होती.

त्या वर्षी महाशिवरात्रीपासून पाळ्या सुरू झाल्या. वरचे आठ दिवस, खालचे पाच, पुन्हा वरचे आठ, सगळं बिनबोभाट. त्या हिशेबानं खालच्या गावाची दुसरी पाळी लागत होती फाल्गुन वद्य पंचमीला. म्हणजे रंगपंचमीला. ज्यांनी नाशिक पाहिलंय त्यांना सांगायला नको, पण आमच्याकडे रंग पंचमीला खेळतात आणि तो रहाडीत खेळतात. रहाड म्हणजे चौकात जमिनीखाली बांधलेला दगडी हौद, वर्षभर फळ्या टाकून बुजवलेला. पंचमीला तो उघडून रंगाच्या पाण्यानं काठोकाठ भरतात आणि पोरं वरून धबाधब उड्या टाकतात. दुष्काळामुळे तो आनंद आटला होता. त्या वर्षी निरोप आला की रहाड जोरात आहे, ये. शिवाय आईनं लिहिलं होतं, षष्ठीला एक मुलगी बघायची आहे.

मी चौथीच्या दुपारच्या एस.टी.नं नाशिकला गेलो. शिपायाला किल्ली देऊन जावं हे माझ्या मनात आलं होतं. आलं नव्हतं असं म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं. पण मला वाटलं, एक दिवस काय अन् दोन दिवस काय, नदी कुठं पळून जाते.

पंचमीला मी रहाडीत चार उड्या मारल्या. षष्ठीला केशरी पडलेल्या कानांनी मुलगी पाहिली. ती हसली, मी पसंत पडलो, तीही मला पसंत पडली. सप्तमीला उन्हं डोक्यावर आली तेव्हा मी बंधाऱ्यावर पोचलो.

म्हातारा दारापाशी बसला होता. पाठ माझ्याकडे, तोंड कोरड्या पात्राकडे, फावडं मांडीवर आडवं. पंचमीला दिवस उगवताना आला होता तो तसाच दोन दिवस तिथंच होता. वरच्या गावानं रिवाजाप्रमाणे भाकरी दिली होती. त्यांचा पाटकरी म्हणाला होता, कुलूप फोडू या का? म्हाताऱ्यानं नको म्हटलं. साहेबासमोर आपण कबूल केलंय, आता फोडायचं कसं?

माझी चाहूल लागल्यावर तो उठला. "उनात साहेब?" आलात का, एवढंच बोलला. रागानं नाही. मी दार उघडलं. तो पात्रात उतरला आणि पाण्याच्या पुढं चालू लागला. मी गेलो नाही.

नुकसान व्हायचं ते झालं होतं. पंचमीला पाणी सुटणार या भरवशावर म्हाताऱ्यानं आपल्या बंधाऱ्यात उरलेलं पाणी चौथीलाच वरच्या अंगाच्या कांद्याला देऊन टाकलं होतं. पाटाच्या टोकाला, शेपटाकडच्या कांद्याला नवं पाणी मिळणार होतं. कांदा पोसायचे दिवस, वर फाल्गुनातलं ऊन, आणि उशिरा सुटलेलं निम्मं पाणी वाळूतच जिरलं. शेपटाकडची आठ-दहा घरं हातचं पीक घालवून बसली. त्यांनी तक्रार केली आणि तिची चौकशी माझ्या वरिष्ठांनी माझ्यावरच सोपवली. आमच्याकडे असंच चालतं.

मी कचेरीत रजिस्टर उघडून बसलो. खालच्या गावाच्या पहिल्या पाळीची तारीख माझ्याच अक्षरात होती. ब्लेडनं हलक्या हातानं ती खरवडली आणि तिथं दोन दिवस पुढची तारीख घातली. एवढंच केलं. पहिली पाळी दोन दिवस पुढं गेली की दुसरीही जाते, म्हणजे मग दार सप्तमीलाच उघडायचं होतं आणि मी ते सप्तमीलाच उघडलं. कामाला पाच मिनिटं लागली असतील. वरच्या गावाला दोन दिवस जास्तीचं पाणी मिळालं होतं, त्यामुळे त्यांनी कागदाकडे पाहून मान हलवली. त्यांना मी दोष देत नाही. मला तो अधिकार नाही.

तो कागद मी स्वतः खालच्या गावच्या चावडीत वाचून दाखवला. पाळी सप्तमीची होती, पाटकरी मोजण्यात चुकून पंचमीला आला, त्याच्या शब्दावर गावानं शिल्लक पाणी संपवलं, सबब खात्याकडे दोष नाही. ही 'सबब' मला तेव्हा फार भारदस्त वाटली होती.

"दोन दिन आधी?" म्हातारा म्हणाला. मग तो बोटांच्या पेरांवर अंगठा फिरवू लागला. एकदा मोजलं, मध्येच थांबला, पुन्हा पहिल्या पेरापासून सुरुवात केली. मागून कुणीतरी हळू आवाजात म्हणालं, "म्हातारा व्हई गया." त्यानं अंगठा थांबवला, फावडं उचललं, पंचांच्या पुढ्यात ठेवलं आणि निघून गेला. जाताना त्यानं एकदा माझ्याकडे पाहिलं.

त्या पाहण्याचा अर्थ मी माझ्या सोयीनं लावला. मला वाटलं, त्याला सगळं माहीत आहे आणि तो मला सांभाळून घेतोय. सरकारी पोराची नोकरी जाऊ नये म्हणून मोठ्या मनानं गप्प बसलाय. चोराला असा साव मनातल्या मनात उभा करता आला की झोप बरी लागते. मी मनाशी ठरवलं होतं की कधीतरी जाऊन त्याच्या पाया पडायचं. पुढं माझी बदली पेठला झाली, मग सुरगाण्याला, मग नाशिकला. लग्न झालं, मुलं झाली, मी बढतीही घेतली.

पण तो माझ्याबरोबर आला. भुताखेतांवर माझा विश्वास नाही, आणि रात्री मला काही दिसत नाही. दिसतं ते भर दुपारी. सुरगाण्याला जीपची वाट बघत उभा असताना रस्त्यापलीकडच्या मोरीवर कुणीतरी पाठमोरं बसलेलं असायचं, मांडीवर काहीतरी आडवं. नाशिकच्या कचेरीत सही करताना खिडकीबाहेरच्या कट्ट्यावर तीच पाठ. मी मुद्दाम वळसा घालून समोरून जायचो. कधी ती भाजीवाली निघायची, कधी छत्री घेतलेला पेन्शनर, कधी तिथं कुणीच नसायचं. एकदा गोदावरीला धरणातून आवर्तन सुटलं तेव्हा कोरड्या घाटाशी येणाऱ्या पाण्याच्या पुढं मला पावलं उमटलेली दिसली, ओल्या वाळूत, ताजी. ती कुणाचीही असतील. मी घरी येऊन दार लावून बसलो. रंगपंचमीला बायको दरवर्षी म्हणायची, तुम्ही एवढे पंचवटीचे, रहाडीला का जात नाही? मी सांगायचो, रंग सोसत नाही.

ऐंशीच्या दशकाच्या शेवटाकडे वरून नवी हवा आली. आता म्हणे नदीचं पाणी लोकांनीच एकत्र बसून वाटायचं, वरच्या आणि खालच्या गावांनी मिळून समिती करायची, पाळ्या आपापसांत ठरवायच्या, खात्यानं फक्त मदत करायची. हे लोकांना समजावून सांगण्यासाठी अनुभवी अधिकारी हवे होते. मला पाठवलं, आणि त्याच नदीवर.

वरच्या बंधाऱ्यावर माझं हिरवं दार अर्धवट उघडं अडकलेलं होतं, गंजून एकजीव झालेलं. कुलूप कधीच गेलं होतं. दोन्ही गावांचे फड मोडले होते. एकमेकांच्या पाळीवर विसंबायला कुणी तयार नव्हतं, म्हणून ज्यानं त्यानं आपली विहीर खोदून मोटार बसवली होती, आणि विहिरींना पाणी उरलं नव्हतं. खालच्या गावात, त्याच चावडीत, मी नवा कागद वाचला. सहभाग, समन्वय, परस्परविश्वास. लोकांनी शांतपणे ऐकून घेतलं. एक जण नुसता म्हणाला, "साहेब, पहिले आसंच व्हतं ना." मला पुढचं वाचवेना. मी पाणी मागितलं आणि पाटकऱ्याच्या घराची वाट विचारली.

म्हातारा दोन वर्षांपूर्वी गेला होता. घरी त्याची बायको होती, सत्तरीची, ओट्यावर लसूण सोलत बसलेली. तिनं मला ओळखलं नाही. मी म्हणालो, मावशी, मी पूर्वी इथं ओव्हरसीअर होतो. तिनं डोळ्यांवर आडवा हात धरून पाहिलं आणि बसायला गोणपाट सरकवलं. म्हणाली, बरं झालं आलात, ते तुमची फार वाट बघायचे. तुम्ही भेटलात तर काहीतरी विचारायचं म्हणायचे.

मग तिनं सांगितलं. फावडं ठेवून आला त्या दिवसापासून म्हातारा रोज सकाळी तिला तिथी विचारायचा. तिनं सांगितलेली तिथी शेजाऱ्याकडे जाऊन पडताळायचा, मग शाळेत जाऊन मास्तरच्या कॅलेंडरवर. कुणी जेवायला बोलावलं तर दिवस तीन-तीनदा विचारून घ्यायचा आणि तरीही आपण नक्की त्याच दिवशी चाललोय ना म्हणून अर्ध्या वाटेवरून परत यायचा. पुढं पुढं त्यानं दोन दोऱ्या केल्या. रोज एका दोरीला स्वतः गाठ मारायचा, दुसरीला तिच्याकडून मारून घ्यायचा. सांजेला दोन्ही शेजारी धरून मोजायचा. गाठी कायम सारख्याच निघायच्या. तरी म्हणायचा, आपण दोघंही चुकत असू.

म्हणजे त्याला काहीच माहीत नव्हतं. तो मला सांभाळून घेत नव्हता. त्यानं माझा कागद खरा मानला होता. स्वतः दोन दिवस दारापाशी बसला ते आठवत असूनही, कागद म्हणतोय म्हणजे आपलंच डोकं फिरलं, असं समजून तो माणूस पुढं इतकी वर्षं जगला.

मी म्हणालो, "मावशी, ते चुकले नव्हते. पाळी पंचमीचीच होती. मी नाशिकला गेलो होतो आणि किल्ली माझ्याजवळ होती. नंतर मी रजिस्टरमधली तारीख खरवडली."

लसणाची पाकळी तिच्या बोटांत तशीच राहिली.

"मंग त्या चुकेल नव्हतात?"

"नाही."

"मोजणी बरोबर व्हती त्यास्नी?"

"अगदी बरोबर होती."

ती रडली नाही, की तिनं मला शिव्याही दिल्या नाहीत. मी शिव्यांसाठी तयार होतो, खरं तर त्यासाठीच आलो होतो. तिनं ती पाकळी बाजूला ठेवली. मग म्हणाली, ते रोज म्हणायचे, पाळी पंचमीचीच होती. पहिली काही वर्षं रोज म्हणायचे. "अन् मी म्हने, सरकारना कागद खोटा कसा व्हई? मानूस चुकस. जाऊ द्या आता. मीच त्यास्ले गप करं. मंग त्या बोलनातच नही."

मन हलकं करायला म्हणून मी गेलो होतो आणि माझं पाप तिच्या पदरात टाकून बसलो होतो. ती उठली, ओट्याच्या टोकापर्यंत गेली, कुणाला हाक मारावी तशी घराच्या आत पाहून थांबली आणि परत माझ्याकडे वळली.

"आता मी हाई कोनले सांगू?" ती म्हणाली.